उन्हाची बेगमी

मुंबईला जाऊन आलेली माणसं आमच्या गावात पुष्कळ आहेत. ती येऊन समुद्र सांगतात, सिनेमातली माणसं सांगतात. मी त्यातलं काहीच बघितलं नाही. मी अडीच-तीन आठवडे मुंबईच्या उपनगरात होतो आणि त्यातले बहुतेक दिवस माझे हात मातीतच होते. तरी लिहितो आहे, कारण मी जे बघितलं ते इथल्या कुणी बघितलेलं नाही. शाळेचे गुरुजी म्हणाले, "तात्या, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." मी म्हटलं, माझं शिक्षण तिसरी, पण ती तिसरी पास आहे. मीच लिहीन. यात एक मोठी चूक आहे, ती माझी आहे, आणि ती दुसऱ्याच्या अक्षरात नको.

मी कुंभार. कुडाळच्या पलीकडे आमचं गाव. शिमगा झाला आणि सुमनचं पत्र आलं. सुमन म्हणजे माझा मुलगा बाळा, त्याची मुलगी. रसायनशास्त्र शिकून ती अंधेरीला एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तिनं लिहिलं होतं, "आजोबा, तळ्याकाठची आपली माती एक गोण भरून घेऊन या. माझे मणी फुटतात. चार आठवड्यांनी दिल्लीहून समिती येणार आहे. तोवर मणी टिकले नाहीत तर माझं काम बंद करतील."

मणी कसले ते काही कळलं नाही. पण मातीचं काहीतरी फुटतं आणि नातीला माझी आठवण झाली, एवढं मला पुरलं. माझी बायको भामा मातीच्या चुली घालत बसली होती. तिनं मान वर न करता नातीबद्दल सांगितलं, "जावा. पण चेडवाचां ऐका. आपलांच खरां करू नकात."

मी म्हटलं, "चुली घालणाऱ्यांनी भट्टीवाल्याला शिकवू नये." आणि निघालो.

विक्रोळी

एस.टी.चा प्रवास सांगत नाही. अंग आंबलं. पहाटे उतरून शहराच्या बसमध्ये चढलो तेव्हा कंडक्टरनं गोणीला पाय लावला.

"आजोबा, काय आहे यात?"

"माती."

"माती? मुंबईतली माती संपली काय?"

"आहे रे. पण तुमच्या मातीत अर्धी इमारत असते."

बसमधली माणसं हसली. कंडक्टरनं गोण स्वतः उचलून कोपऱ्यात लावली.

बाळाची गिरणी संपात गेली, तेव्हापासून तो विक्रोळीला एका कारखान्यात वॉचमन आहे. चाळीत दोन खोल्या. मागच्या अंगाला तिवरांचं रान आणि खाडी; ओहोटी लागली की चिखलाचा वास घरात येतो. सुनेला तो वास आवडत नाही. मला बरा वाटला. चिखलाचा वास कुंभाराला परका कसा वाटेल? तिनं त्या दिवशी ओले बोंबील केले होते. आम्ही बांगडा-पेडव्याची माणसं, बोंबील तोंडात विरघळतो तेव्हा खाल्ल्यासारखं वाटत नाही. पण दोनदा मागून घेतले, सून खूश झाली.

शेजारीण डोकावून म्हणाली, "आजोबा, किती दिवस आहात?" आमच्याकडे पाहुण्याला असं विचारलं तर तो त्याच संध्याकाळी निघतो. इथे राग धरायचा नसतो. जागा कमी, म्हणून माणसं हिशेबानं विचारतात.

एक गोष्ट मात्र लागली. पाणी प्यायला उठलो तर स्टीलचं पिंप, त्याला नळ. माझ्या मुलाच्या घरात मातीचं एक भांडं नव्हतं. पाणी प्यायलो. गार नव्हतं.

अंधेरी

घाटकोपरहून बसनं अंधेरीला गेलो, सुमनबरोबर. औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या गर्दीत तिची प्रयोगशाळा. दाराशी चपला काढाव्या लागतात. हे मला पटलं. आम्हीही भट्टीपाशी चपला घालून जात नाही.

गच्चीवर एक लांब पत्र्याची पन्हळ होती, आतून आरसे लावलेले. मध्ये काळी नळी. नळीत मणी. आरसे ऊन गोळा करून नळीवर पाडतात आणि मणी तापतात. मी म्हटलं, "तापतात ते संध्याकाळी निवतील. त्यात काय मोठं?"

सुमननं कपाटातून एक डबा काढला. झाकणाभोवती मेण लावलेलं. मेण खरवडून तिनं चार मणी माझ्या तळहातावर ठेवले. हरभऱ्याएवढे, मळकट पांढरे. गार होते.

"आता गंमत बघा," असं म्हणून तिनं वरून दोन थेंब पाणी टाकलं.

मी हात झटकला. मणी लादीवर उडाले. "पोळलं गो!"

ती हसायला लागली. "ऊन आहे ते, आजोबा. दिवाळीतलं."

मग तिनं समजावून सांगितलं, तसं लिहितो. एक पावडर असते, ती प्रयोगशाळेतच तयार करतात. तिच्या कणाकणात डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक घरं असतात. त्या घरांना पाण्याची ओढ फार. पाणी आत शिरलं की ऊब बाहेर पडते. पुन्हा उन्हात तापवलं की पाणी वाफ होऊन निघून जातं आणि घरं रिकामी होतात. रिकामे मणी दमट हवा लागू न देता डब्यात बंद केले, की ते गार राहतात, पण ऊब द्यायची ताकद त्यांच्यात तशीच राहते. महिना राहते, वर्ष राहते. पाणी दाखवलं की ऊब परत.

मी बराच वेळ त्या डब्याकडे बघत होतो. आम्ही वैशाखात आमसुलं वाळवतो, मासे सुकवतो, डबे भरून ठेवतो. पावसाळ्याची बेगमी. पण खुद्द उन्हाचीच बेगमी करता येते हे मला कधी सुचलं नसतं.

"झकास आहे गो," मी म्हटलं. "मग अडलं कुठे?"

तिनं जुना डबा उघडून हलवला. तळाशी पिठासारखा भुगा. पाणी, ऊन, पाणी, ऊन असं पाच-सहा वेळा झालं की मणी फुटत होते. पावडरीला बांधून धरायला ती बाजारची माती घालत होती. ती माती मी चिमटीत घेतली आणि टाकून दिली. रेताड.

आमची माती मी दोन दिवस भिजवली, गाळली, तुडवली. प्रयोगशाळेतल्या मोठ्या मॅडम पुण्याच्या, त्या पदर खोचून बघायला उभ्या राहिल्या. मणी वळून आम्ही गच्चीवर उन्हात वाळवले. मग सुमननं ते विजेच्या भट्टीत घातले. भट्टी कपाटाएवढी. मी नारळ मागितला. पहिल्या भाजणीला आम्ही नारळ वाढवतो. मॅडमनी कँटीनमधून आणवला. शहाणी बाई.

दुसऱ्या दिवशी मणी निघाले. मी एक उचलून काचेवर टिचकावला.

बद्द.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भांडं भाजून निघालं की कुंभार ते बोटाच्या पेरानं वाजवतो. खणखणीत वाजलं तर ते भांडं. बद्द वाजलं तर ते कच्चं, ते विकायचं नाही, फोडून टाकायचं. भावानं बद्द वाजणारा माठ गिऱ्हाईकाला दिला म्हणून माझ्या बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. माझ्या हातचं बद्द भांडं आजवर कुणाच्या घरात गेलेलं नाही.

"सुमन, हे कच्चे आहेत."

"आजोबा, आच एवढीच द्यायची असते. जास्त आचेला आतली घरं बुजतात, पावडर मरते."

"एवढ्या आचेत आमच्या घरी पापड भाजत नाहीत. घरं बुजतील म्हणतेस? माठ पाझरतो हे मला शिकवू नको. खणकन वाजणारा माठसुद्धा पाझरतो."

"माठाची भोकं वेगळी, आजोबा. ही वेगळी."

मॅडम म्हणाल्या, "तात्या, माती तुमची. आच मात्र आम्ही ठरवू."

चार माणसांत मला हे ऐकावं लागलं. पण मणी कच्चेच, हे मनात घट्ट धरून ठेवलं.

मुलुंड

शनिवारी सुमननं मण्यांचे दोन डबे विक्रोळीला घरी आणले आणि मला काम दिलं. फुटके वेगळे काढायचे. रविवारभर मी निवडत बसलो. चांगला दिसणारा मणी चिमटीत दाबला तरी दहांतले दोन तुटत होते. हे दिल्लीच्या माणसांपुढे ठेवणार? पोरीचं शिक्षण, रात्रंदिवसाची मेहनत, आणि पुढे हे पीठ?

सोमवारी ती कामावर गेली. मी दोन्ही डबे पिशवीत घातले. सुनेला सांगितलं, पाय मोकळे करून येतो.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी कुंभारांची दोन-तीन घरं आहेत, हे बाळाकडून ऐकलं होतं. तिथे नरसीभाई भेटले, काठेवाडकडचे. माझ्याच वयाचे. माझी बोटं बघूनच त्यांनी ओळखलं आणि बसायला खाट दिली. कुंभाराला कुंभाराची भाषा लागत नाही. त्यांनी मणी बघितले.

"काका, ये तो चने जितना है. भट्टी में कायको डालता?"

"कच्चा है. पक्का करनेका."

"किसने बनाया?"

"मेरी नातीने. डॉक्टर होनेवाली है."

"दवाई है क्या?"

"नहीं. धूप है."

नरसीभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि बायकोला म्हणाले, काकांना आणखी चहा दे. ऊन लागलंय असं वाटलं असेल. त्यांनी बाजरीचा रोटला आणि लसणाची चटणी दिली. आमच्या भाकरीपेक्षा जाड, पण चूल तीच, धूर तोच. त्यांच्या भट्टीत मधोमध, जिथे आच सगळ्यात जास्त, तिथे एका मडक्यात मणी घालून वर झाकण लिंपून मी ठेवलं. बुधवारी सकाळी भट्टी निवल्यावर काढलं.

मणी लालसर झाले होते. एक टिचकावला. खण्ण. नरसीभाईंनी मान डोलावली. दोन दिवस सुमन विचारत होती, निवडून झाले का? मी म्हणत होतो, होतायत. खोटं बोललो. पण मला ते खोटं वाटत नव्हतं. झोपेतून उठलेलं पोर सकाळी बघून चकित व्हावं, तसं मला करायचं होतं.

पुन्हा अंधेरी

मुलुंडहून मी थेट अंधेरीला गेलो. सुमनच्या टेबलावर स्टीलचं भांडं होतं. त्यात मूठभर मणी वरून सोडले. खणखण वाजले. मी हसत होतो.

तिनं बघण्याआधीच ऐकलं. तिचा चेहरा उतरला.

"आजोबा, कुठे भाजलेत?"

"मुलुंडला. आता दाब एखादा. दाताखाली धर, दात पडेल."

मणी गच्चीवरच्या नळीत घालून तिनं दुपारभर तापवले, निवू दिले. मग भांड्यात घेतले, थर्मामीटर खोचलं आणि पाणी ओतलं. मीही वाकून बघत होतो. पारा हलला नाही. मी भांड्याला हात लावला. नदीच्या पाण्यातले गोटे हातात धरल्यासारखे. गार पाणी, गार मणी.

"अजून थोडं ओत."

तिनं ओतलं.

"थोडा वेळ लागत असेल."

"नाही लागत, आजोबा. घरं मोडली. आता हा नुसता खडा आहे."

मोठ्यानं बोलली असती तर मला भांडता आलं असतं. तिनं वही काढली आणि लिहायला लागली. आणखी किती पावडर आहे, मी विचारलं. तिनं कपाटातली एक बरणी दाखवली, अर्ध्याच्या खाली. नवी करायला महिना लागतो. समितीला बारा दिवस होते.

मॅडम आल्या, वही वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि खिडकी उघडून बाहेर बघत राहिल्या. आयुष्यात मी पुष्कळ भट्ट्या बिघडवल्या आहेत. पाऊस आला, लाकूड ओलं निघालं, माती फसवी निघाली. ते नुकसान माझं होतं. दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारी भट्टी ही पहिली.

मी गच्चीवर जाऊन बसलो. विमानं डोक्यावरून अगदी खालून जातात तिथे, चाकं मोजता येतील इतक्या खालून. पन्हळीत ऊन पडत होतं, नळी रिकामी. मनात एकच चाललं होतं. भाजायचं नाही आणि फुटायचंही नाही, असं मातीचं काय असतं? रोज तापतं, रोज त्यावर पेज उतू जाऊन पाणी सांडतं, पुन्हा तापतं. तरी दहा-दहा वर्षं भुगा होत नाही.

चूल.

भामाच्या चुली भट्टीत जात नाहीत. त्यांना वाजवून बघत नाहीत. म्हणून मी त्यांना कधी भांड्यात धरलं नाही. बाजारात मी माझे माठ पुढे मांडतो, तिच्या चुली मागे. ती मातीत भाताचा कोंडा घालते, एवढं मला ठाऊक होतं. किती घालते, कधी घालते, कशी वाळवते, हे त्याच अंगणात पन्नास वर्षं बसूनही मला ठाऊक नव्हतं.

खाली उतरलो. सुमनला म्हटलं, "तुझ्या आजीला तार करायची आहे."

पोस्टातल्या माणसानं तार दोनदा वाचली. 'चुलीच्या मातीत कोंडा किती, कसा. लगेच कळव.' "आजोबा, हे तारेनं?" मी म्हटलं, "लाव."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. भामाला लिहिता येत नाही, आमच्या पोस्टमास्तरांनी लिहिलेलं. पण बोलणं तिचंच.

'तीन मुठी मातीस एक मूठ. कोंडा दोन दिवस भिजवा. सावलीत वाळवा, उन्हात नको. इतकी वर्षे विचारले नाही.'

सुमननं ते मोठ्यानं वाचलं. शेवटचं वाक्य तिनं हळू वाचलं. मी खिडकीकडे बघितलं.

सावलीत. आम्ही ओले मणी उन्हात वाळवत होतो, तिथेच आत चिरा पडत होत्या, वरून न दिसणाऱ्या. आणि कोंडा जळून गेला की त्याच्या जागी वाट राहते, पाण्याला आत-बाहेर करायला. हे सुमननं सांगितलं. भामाला ठाऊक आहे का ते ठाऊक नाही. तिला चूल टिकते हे ठाऊक आहे.

कोंडा दोन दिवस भिजवून मुठी मीच घेतल्या, उरलेली पावडर सुमननं त्यात कालवली. भामाची मूठ लहान, म्हणून मी मूठ पूर्ण भरली नाही. पाच दिवस टेबलाखालच्या सावलीत ओल्या फडक्याखाली मणी वाळले. रोज फडकं बदललं. विजेच्या भट्टीची आच सुमननं लावली, मी तिकडे पाठ करून उभा राहिलो. निघाले तेव्हा एक टिचकावला.

बद्द.

बोटं त्याला फोडायला आपोआप वळली. मी ती दुसऱ्या हातानं धरली आणि मणी परत ठेवला.

समिती

तीन माणसं आली. मला सुमननं कोपऱ्यात खुर्ची दिली होती. त्यांतले एक म्हातारे, माझ्याहून थोडे लहान, वही उलटत होते. इंग्रजीत वाचता वाचता थांबले आणि मराठीत म्हणाले, "हे इथे 'आजोबा' असं लिहिलंय. लाल झालेले मणी. हे कोणी भाजले?"

सुमन म्हणाली, "सर, ती माझी—"

मी उभा राहिलो. "मी भाजले. तिला न विचारता. मला कच्चे वाटले."

"का वाटले?"

"वाजत नव्हते."

ते हसले नाहीत. "आणि हे नवे?"

"हे माझ्या बायकोच्या चुलीचे. यात माझी फक्त माती आहे."

पाणी-आच, पाणी-आच असं सहा वेळा झालेला तो डबा त्यांनी हातात घेऊन कितीतरी वेळ हलवला. पांढऱ्या कागदावर ओतला. कागद जवळजवळ कोरा राहिला. मग पाणी ओतलं. ऊब आली. पहिल्यासारखी पोळणारी नव्हती. कोंड्या-मातीनं जागा खाल्ली होती, हे सुमननं स्वतःच सांगितलं, लपवलं नाही. म्हातारे भांड्याभोवती हात धरून उभे राहिले. निकाल नंतर कळवू म्हणाले. चहा घेऊन गेले.

संध्याकाळी मी वही बघायला मागितली. एका पानावर लाल मणी, पुढे माझं नाव, आणि निकाल शून्य. दुसऱ्या पानावर कोंड्याचं प्रमाण, पुढे भामाचं नाव, आणि कंसात 'चूल'.

सुमन म्हणाली, "तुमचं नाव तिथे टोचत असेल, आजोबा. पण आम्ही वहीतलं खोडत नाही."

"खोडू नको," मी म्हटलं.

निघताना तिनं मेण लावलेला एक छोटा डबा दिला. "आजीला. ऊन नसेल तेव्हाच उघडायचा." बाळाच्या घरी मी त्याच मातीतला एक माठ ठेवून आलो. नरसीभाईंच्या चाकावर केलेला, त्यांच्या भट्टीत भाजलेला. तो खणकन वाजतो.

घरी

डबा मी मडक्यांच्या फळीवर ठेवला. भामानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तारेबद्दलही दोघं बोललो नाही. आषाढ गेला. श्रावणात सुमनचं पत्र आलं. काम आणखी एक वर्ष चालू ठेवायला सांगितलं आहे, पण ऊब वाढवून दाखवावी लागेल. त्यानंतर सहा दिवस ऊन पडलं नाही. भामाची बोटं त्या दिवसांत आखडतात. चुलीची माती कालवताना ती मध्येच थांबून हात काखेत धरते. हे मी दर वर्षी बघतो.

मी डबा काढला, मेण खरवडलं, मणी पितळेच्या वाटीत ओतले. तिनं एक उचलला आणि वाटीच्या काठावर टिचकावला. कुंभाराच्या घरात आयुष्य गेलेली बाई, दुसरं काय करणार?

"बद्द वाजता."

"वाजांदे. पाणी घाल."

तिनं ओंजळीतून पाणी घातलं. वाटीतून वाफ निघाली. तिनं हात मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला आणि दोन्ही तळहात वाटीभोवती धरले.

"खंयचां ऊन ह्यां?"

"अंधेरीचां."

मग तिची बोटं सुटी झाली तशी तिनं वाटी खाली ठेवली आणि मातीकडे वळली. मी कोंड्याचं टोपलं तिच्या बाजूला सरकवलं आणि विचारलं, "किती घालू?"

तिनं मूठ वळून दाखवली.